मानाची टर्नटेबलं: कोणत्या यंत्राला 'आयकॉनिक' म्हणायचं, हे ठरवायला शिकताना

तबकड्या ऐकणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीत चहा आला की कुठलं टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, सगळ्यांत थोर हा विषय निघतोच. एक जण म्हणतो, "टेक्निक्स बाराशेसारखं मशीन पुन्हा होणे नाही." लगेच दुसरा म्हणतो, "ते डीजेंचं मशीन. गाणं ऐकायचं तर गॅरार्ड." तिसऱ्याच्या घरी लिन असतं, तो बराच वेळ गप्प राहतो आणि मग सगळ्यांत जास्त बोलतो. छंदात नवा आलेला माणूस नावं टिपून घेतो, घरी जाऊन किमती शोधतो. वाद नेमका कशावरून चालला होता, ते मात्र त्याच्या हाती लागत नाही. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

पुण्याच्या माणसाला एक गोष्ट पटकन कळेल. गणपतीत सगळ्यांत जास्त गर्दी दगडूशेठला होते, पण मानाच्या पाच गणपतींत दगडूशेठ नाही. त्यात कुणाचा कमीपणा नाही. गर्दी वेगळी आणि मान वेगळा. टर्नटेबलांचंही तसंच आहे. एखादं यंत्र लाखांनी खपलं, महाग झालं, सिनेमात दिसलं, देखणं आहे, या सगळ्या गर्दीच्या गोष्टी झाल्या. माझ्या लेखी मान त्याचा, ज्याच्यामुळे मागून येणाऱ्यांना आपली यंत्रं बदलावी लागली. तुम्हाला ही कसोटी नाही पटली तरी चालेल, पण बैठकीला जाताना स्वतःची एक कसोटी घेऊन जा.

पहिली पायरी: आठवणींची यादी वेगळी करा

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिलं गाणं एचएमव्हीच्या फिएस्टावर नाहीतर तसल्याच एखाद्या झाकणाच्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकलं. माझंही तसंच. नाट्यसंगीताची तबकडी लागली की घरातली माणसं हातातलं काम घेऊन त्याच्याभोवती बसत. ते यंत्र मला फार प्रिय आहे. पण 'हे मला प्रिय आहे' आणि 'याने टर्नटेबलचा इतिहास वळवला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि बैठकीतली निम्मी भांडणं ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. म्हणून वहीत दोन पानं करा. आठवणींच्या पानावर फिएस्टा लिहा, आजोबांचा चावीचा ग्रामोफोन लिहा, शेजाऱ्यांचा फिलिप्स लिहा. ते पान कुणाशी वाद न घालता जपा. पुढचं सगळं दुसऱ्या पानासाठी.

दुसरी पायरी: तबकडी कशी फिरते ते बोटाने समजून घ्या

हे कळल्याशिवाय वादात उतरू नका. प्रकार तीनच आहेत, पण त्यांत सगळा इतिहास आला.

पहिला प्रकार रबरी चाकाचा. त्याला आयडलर ड्राइव्ह म्हणतात. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते. रबरी चाक एकीकडे त्या पुलीला आणि दुसरीकडे प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ज्यावर ठेवतात त्या थाळीच्या, आतल्या कडेला टेकतं. वेग बदलला की चाक वेगळ्या पायरीवर जातं. मोटर दणकट असते. प्लॅटर चालू असताना कडेला हळूच बोट लावून बघा, ते सहजी मंदावत नाही. ढोलकीचा किंवा तबल्याचा ठेका या यंत्रांवर असा काही उभा राहतो की ऐकतच राहावं. पण मोटरची थरथर त्याच चाकातून प्लॅटरपर्यंत आणि तिथून सुईपर्यंत पोचते आणि गाण्याखाली बारीक घरघर ऐकू येते. आणखी एक: यंत्र चालू स्थितीत सोडून वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर दाबाने रबराला खळगा पडतो आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् ऐकू येतं.

दुसरा बेल्टचा. मोटर बाजूला आणि मध्ये रबरी पट्टा. थरथर पट्टाच गिळून टाकतो. यंत्र शांत चालतं, पण बोट लावलं की लगेच मंदावतं.

तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह. मध्ये ना चाक ना पट्टा. मोटरचा दांडा हाच प्लॅटरचा दांडा. मोटर अगदी सावकाश, तबकडीच्याच वेगाने फिरते. या पद्धतीचं पहिलं टर्नटेबल, टेक्निक्सचं एसपी-१०, मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये बाजारात आणलं.

तिसरी पायरी: सोबत दोन तबकड्या न्या

कुणाच्या घरी यंत्र बघायला जाताना आपली तबकडी सोबत असावी. पहिली अशी निवडा, जिच्या सुरुवातीला नुसता तंबोरा आहे. वेगातला बारीक डळमळीतपणा तालवाद्यांच्या गर्दीत लपतो, तंबोऱ्यात लपत नाही. षड्ज हलला की कानाला कळतं, संगीत शिकलेलं असो वा नसो. सूर हलतोय असं वाटलं तर लगेच यंत्राला बोल लावू नका. तबकडीचं भोक मध्यावर नसलं तरी सूर डोलतो, पण तो दर फेऱ्याला एकदा, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी. दुसरी तबकडी लावली आणि डोलणं थांबलं, तर यंत्र निर्दोष.

दुसरी तबकडी घरातला जुना तवा, ७८ च्या वेगाचा. बालगंधर्वांचा असेल, अब्दुल करीम खाँसाहेबांचा असेल. मराठी घरांमध्ये लाखेचे हे तवे अजून ट्रंकांतून निघतात, आणि 'हे यंत्र तवा वाजवू शकतं का?' हा प्रश्न आपल्याला लंडन-न्यूयॉर्कच्या याद्यांमध्ये विचारलेला दिसत नाही. तव्याची खाच एलपीच्या, म्हणजे ३३ च्या वेगाच्या मोठ्या तबकडीच्या, खाचेपेक्षा खूप रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाशी जाऊन नुसती खरखरते. तव्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई लागते. ती नसेल तर तवा लावण्याचा आग्रह धरू नका. सुईही जाते आणि तवाही.

चौथी पायरी: दावेदारांना एकेक करून भेटा

गॅरार्ड ३०१ पासून सुरुवात करते. इंग्लंडमधल्या स्विंडनची ही कंपनी मुळात राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ मध्ये काढली, पहिल्या महायुद्धात तोफखान्याला अंतरमापक यंत्रं पुरवायला. त्या नेमकेपणाची सवय पुढे टर्नटेबलांत उतरली. एलपी १९४८ मध्ये आली आणि ४५ ची तबकडी १९४९ मध्ये. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात आलेलं ३०१ हे रबरी चाकाचं यंत्र ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग सांभाळत होतं. बीबीसीने ते वापरलं. ते नुसतं मोटर आणि प्लॅटर अशाच रूपात विकलं जाई. आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आणि खालची लाकडी पेटी ज्याने त्याने आपली जमवायची. त्यामुळे दोन घरांतली दोन ३०१ वेगळी वाजतात, आणि 'मी ३०१ ऐकलंय' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या पेटीत? कुठल्या आर्मवर? सुरुवातीची यंत्रं करड्या रंगाची आणि ग्रीसच्या बेअरिंगची, नंतरची फिक्या पिवळसर रंगाची आणि तेलाच्या बेअरिंगची. जाणकारांमध्ये या दोन्हींवरून तट आहेत. त्यात इतक्यात पडू नका.

याच्याशी पुण्याचाही एक धागा जुळला आहे. आर्मसाठी प्रसिद्ध असलेली इंग्लंडमधली एसएमई कंपनी २०१६ मध्ये अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाने घेतली. क्रिकेट प्रशासनामुळे त्यांचं नाव पुण्यात घरोघरी माहीत आहे. २०१८ मध्ये गॅरार्डचं नावही त्याच छत्राखाली आलं आणि जुन्या ३०१ पूर्ण खोलून, नव्यासारख्या करून, एसएमईच्या आर्मसह विकायला सुरुवात झाली. साठ वर्षांपूर्वीचं यंत्र नव्याने उभं करून विकावंसं वाटणं, ही माझ्या दृष्टीने मानाची मोठी खूण आहे.

३०१ च्या जोडीला नेहमी थोरेन्स टीडी १२४ चं नाव येतं. स्वित्झर्लंडचं, १९५७ चं. याच्यात मोटरपासून पट्टा आणि पट्ट्यापुढे रबरी चाक अशी दोन्हींची सांगड आहे. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ज्यांचं होतं त्या काकांनी काही न बोलता एक खटका दाबला. तबकडी जागच्या जागी थांबली. पण खालून मंद आवाज येतच होता. मी वाकून बघितलं. वरची हलकी ॲल्युमिनियमची थाळी उचलली गेली होती आणि तिच्याखालचा चारेक किलोचा लोखंडी प्लॅटर आपल्या गतीत फिरत राहिला होता. त्यांनी सुई पहिल्या खाचेवर ठेवली, खटका सोडला आणि गाणं पहिल्याच अक्षरापासून पूर्ण वेगात सुरू झालं. रेडिओ केंद्रावर नेमक्या क्षणी गाणं सुरू करायला हीच सोय लागते. त्याच यंत्रात पाणसळ आहे, वेग तपासायला ठिपक्यांची खिडकी आहे आणि चार वेग आहेत, अर्थात ७८ धरून. उणीव एकच: लोखंडी प्लॅटर काही कार्ट्रिजमधल्या (आर्मच्या टोकाला सुई बसवलेला भाग) लोहचुंबकाला ओढतो आणि सुईवरचा भार वाढतो.

मला विचाराल तर या दोघांत मी टीडी १२४ ला झुकतं माप देते. ३०१ ची ताकद मोठी आहे, पण १२४ मध्ये वाजवणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार जास्त केलेला दिसतो. दोन्ही मानाची, यात मला शंका नाही.

आता ज्याच्यासाठी मी दर बैठकीत भांडते ते यंत्र. अमेरिकेतल्या ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीचं एक्सए, १९६१ चं. दिसायला अगदी साधं, किंमतही तेव्हा साठ डॉलरच्या आतली. एडगर व्हिल्चर यांनी त्यात प्लॅटर आणि आर्म एकाच पट्टीवर बसवले आणि ती पट्टी स्प्रिंगांवर टांगली. मोटर मात्र वरच्या पत्र्यावर वेगळी. मोटरची थरथर आणि जमिनीचे हादरे दोन्ही सुईपासून तोडले गेले. यंत्रावर हातोडीने ठोकलं तरी गाणं चालू राहतं, असं दाखवलं जाई. यानंतर काय झालं ते बघा. थोरेन्ससारख्या नावाजलेल्या कंपनीने १९६५ च्या टीडी १५० मध्ये तीच मांडणी घेतली. पुढे लिन एलपी १२ आलं, तेही टांगलेल्या पट्टीचंच. मागून येणाऱ्यांना बदलायला लावणं हीच कसोटी धरली, तर एक्सए पहिल्या पाटावर बसायला हवं. पण ते स्वस्त होतं, त्याचा आर्म साधा होता, म्हणून याद्यांमध्ये ते खाली सरकतं. हे मला कधीच पटलेलं नाही.

लिन सोंडेक एलपी १२ म्हणजे ग्लासगोचं, १९७३ चं. आयव्हर टीफेनब्रुन यांनी ते आणलं तेव्हा सगळे मानत की आवाज घडवतो तो स्पीकर, टर्नटेबल फक्त फिरवण्यापुरतं. ते उलटं सांगत राहिले: जे खाचेतून उचललंच गेलं नाही, ते पुढे कुठलाच स्पीकर देऊ शकत नाही. हा विचार आज आपल्याला सरळ वाटतो, तो त्या वादामुळे. दुसरी गोष्ट, पन्नास वर्षं तेच यंत्र बनतं आहे आणि नवे भाग जुन्या यंत्रात बसवता येतात. मांडणी मात्र मुळात त्यांची नव्हती, आणि सुरुवातीचं एलपी १२ फक्त ३३ च्या वेगाचं. तवा तर दूरच, ४५ ची तबकडीही त्यावर वाजत नसे. म्हणून हे नाव मी अजून पेन्सिलीने लिहिते.

टेक्निक्स एसएल-१२०० बद्दल बोलताना आधी विचारा, कुठलं? १९७२ चं पहिलं यंत्र घरी ऐकणाऱ्यांसाठी होतं. जग ओळखतं ते १९७९ चं एमके२: क्वार्ट्झने बांधलेला वेग, उजवीकडे वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी, आणि अकरा किलोंचं वजन. १९७३ च्या ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी दोन टर्नटेबलांवर ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. तिथून हिप-हॉपची सुरुवात सांगतात. तबकडी हाताने अडवायची, मागे ओढायची, सोडायची; हे पट्ट्याच्या यंत्रावर जमत नाही, पट्टा ताणतो आणि घसरतो. डायरेक्ट ड्राइव्हवर जमतं. एमके२ हात सोडल्यावर सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेतं. टर्नटेबल वाजवणारी माणसं वादक झाली ती या यंत्रावर. सतार किंवा बाजाची पेटी जशी कलाकाराच्या हाताला वळण देते, तसं याने दिलं. इतर सगळ्या दावेदारांनी ऐकणं बदललं, याने संगीत निर्माण करणंच बदललं. २०१० मध्ये कारखान्याने ते बंद केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा आणावं लागलं. 'डीजेंचं मशीन' असं म्हणून त्याला बाजूला सारणाऱ्यांनी तंबोऱ्याची तबकडी त्यावर एकदा लावावी. षड्ज खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो. तव्यांसाठी मात्र जुनं एमके२ कामाचं नाही, त्यात ७८ नाही. २०१६ नंतरच्या नव्या १२००जी मध्ये तो वेग आहे.

देखणेपणाच्या बाजूने दोन नावं येतील. ब्राउन कंपनीचं १९५६ चं एसके ४, डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांचं. पारदर्शक झाकणामुळे जर्मनीत त्याला 'स्नो व्हाइटची शवपेटी' म्हणत. आणि बँग अँड ओलफसनचं १९७२ चं बिओग्राम ४०००, ज्याचा आर्म तबकडीवर सरळ रेषेत सरकतो. दोन्ही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पारदर्शक झाकण पुढे सगळ्यांनीच उचललं, तेवढा मान एसके ४ चा मी मोकळ्या मनाने देते.

पाचवी पायरी: ज्याचा निवाडा करताय ते यंत्र धड आहे का, ते बघा

हे मी चुकून शिकले. अमेरिकेतून आलेलं एक बेल्टचं टर्नटेबल मी जुन्या मालाच्या एका विक्रेत्याकडून घेतलं. ट्रान्सफॉर्मर लावून दिला होता, दिसायला चकचकीत होतं. घरी आणून काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाची तबकडी लावली. आवाज गंभीर, भारदस्त वाटला. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होते, जुन्या यंत्रांचा खर्ज बघा. तिसऱ्या दिवशी बाजाची पेटी काढून सूर लावला, तर गाणं मंद्रातल्या काळी पाचला चाललं होतं. पेटीच्या तीन पट्ट्या खाली!

कारण साधं होतं. अशा मोटरचा वेग विजेच्या कंपनसंख्येवर चालतो. अमेरिकेत ती ६० आहे, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, कंपनसंख्या बदलत नाही. त्यामुळे ३३⅓ चं यंत्र २७.८ वर फिरत होतं. उपाय एकच, ५० साठीची पुली. गॅरार्ड ३०१ लाही दोन्ही प्रकारच्या पुली येत. परदेशातून आलेलं कुठलंही जुनं यंत्र बघताना आधी पुली विचारा. मुंबईच्या चोरबाजारात असा किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, खिशात फोनवरचं सुराचं यंत्र असू द्या.

मग रबरी चाकावर नख फिरवून खळगा बघा. पट्टा सैल झालाय का बघा. प्लॅटर हाताने फिरवून कान जवळ न्या. बेअरिंग सुकलं असेल तर खरबरीत आवाज येतो. स्प्रिंगांवरचं यंत्र असेल तर प्लॅटर हलकेच दाबून सोडा. ते सरळ वर-खाली व्हायला हवं, तिरकं डुललं तर स्प्रिंगा जुळवायच्या राहिल्यात. वाड्याच्या लाकडी जमिनीवर असं यंत्र ठेवलं तर माणूस चालला की सुई उडते. त्याला भिंतीत ठोकलेली फळी हवी. नादुरुस्त एलपी १२ ऐकून 'काही खास नाही' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना फळी कुठे आहे ते विचारते.

शेवटची पायरी: आपली यादी मांडा

नावासोबत वर्ष आणि नमुना सांगा. ते यंत्र तुम्ही कुणाकडे, कुठल्या सुईवर ऐकलं ते सांगा. नसेल ऐकलं तर तसं सांगा. आणि त्याच्यानंतर कुणी काय बदललं, हे एका वाक्यात सांगता येतं का बघा.

माझ्या यादीत टीडी १२४, गॅरार्ड ३०१, एक्सए आणि १२०० एमके२ ही चार नावं शाईने लिहिलेली आहेत. पाचव्या ओळीवर एलपी १२ पेन्सिलीने आहे आणि त्याच्यासमोर रेगा प्लेनार ३. सत्तरच्या दशकातलं हे इंग्लिश यंत्र काचेच्या प्लॅटरचं, स्प्रिंगा नसलेलं, हलकं. त्याने टांगलेल्या पट्टीच्या बरोबर उलट वाट धरली, आणि आज मध्यम किमतीची किती तरी टर्नटेबलं त्याच वाटेने जाताना दिसतात. हे दोन्ही शेजारी शेजारी, एकाच कार्ट्रिजवर, तंबोऱ्याच्या त्याच तबकडीने ऐकायचे आहेत. प्लेनार ३ ओळखीच्या एका घरी आहे. एलपी १२ ज्यांच्याकडे आहे त्यांनी फळी ठोकून झाली की बोलावतो म्हटलंय.